वाऱ्याच्या खालच्या अंगाला

"अवं, थांब. बोलू नको. हे घे अगोदर गळ्याले," असं म्हणत देवाजीनं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि कौशल्येच्या गळ्याभोवती दोन वेढे देऊन टोक नीट खोचून दिलं.

खोकला काही थांबेना. ओसरीतल्या बाजेवर ती पुढं वाकून बसली होती. एक हात छातीवर आणि दुसरा जरासा उचललेला, जणू दारात आलेल्या कुणाला म्हणावं, बसा हो, आलेच मी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खोकला सगळा कोरडा. ना कफ, ना घरघर. घशात नुसतं काहीतरी टोचत होतं आणि ते टोचणं बाहेर पडायला वाट शोधत होतं.

देवाजी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. कळमन्याच्या घाऊक बाजारातून घरी आला की त्याचं पहिलं काम हेच. चपला काढायच्या, तिच्याजवळ बाजेवर बसायचं, दिवसभराचं सांगायचं. लग्न झाल्यापासूनची ही रीत. त्यांच्या घरात पाळणा कधी हलला नाही. त्यामुळे संध्याकाळच्या त्या बसण्यात तिसरं कुणी नसे. दोघंच, आणि समोरच्या रिकाम्या प्लॉटवर उतरत जाणारं पिवळं ऊन. त्या उन्हात बसलं की हुडकेश्वर वस्तीतली नवी घरंही जुन्या गोष्टीतल्या गावासारखी दिसत.

"ज्येष्ठमध चघळलं का?"

तिनं मान हलवली.

"गुळण्या?"

पुन्हा मान हलली, आणि त्या हलण्यातच नवी उबळ आली. देवाजीनं दुपट्टा आणखी वर ओढून तिचे कान झाकले.

तो दुपट्टा साधा नव्हता. टिमकीच्या विणकर वस्तीतल्या जुन्या घरात देवाजीच्या वडिलांचा हातमाग होता. त्या मागावरून उतरलेलं शेवटचं कापड ते. जाड सुताचं, घट्ट विणीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. माग गेला, वडील गेले, देवाजी कळमन्यात मापारी झाला. दिवसभर काट्यापाशी उभं राहायचं, पोतं चढलं की वजन पुकारायचं, उतरलं की पुढचं. दुपट्टा मात्र गळ्यातून सुटला नाही. बापाचा हात आहे तो, असं तो म्हणे. आजारी माणसाच्या गळ्याला बापाच्या हाताहून ऊबदार काय असणार?

खोकला संक्रांतीनंतर सुरू झाला होता. महाशिवरात्र आली आणि गेली, तरी तो मुक्कामाला होताच. पहिले काही दिवस हवा बदलली म्हणून सोडून दिलं. मग शेजारपाजारचे उपाय सुरू झाले. कुणी अडुळशाची पानं आणून दिली, त्यांचा काढा झाला. हळद घातलेलं दूध झालं. आल्याचा रस मधात कालवून चाटणं झालं. ओव्याच्या पाण्याची वाफ झाली. मधाचं चाटण घेतलं की घटकाभर बरं वाटे, ती दोन ओळी गुणगुणेसुद्धा, आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

दोन आठवडे होऊन गेल्यावर देवाजी तिला दवाखान्यात घेऊन गेला होता. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी छाती तपासली, फोटो काढायला लावला, थुंकी तपासून घेतली. सगळं स्वच्छ निघालं. मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "घरात चूल आहे का? धूर, धूळ, उदबत्ती, असं काही? हा खोकला बाहेरून येणाऱ्या कशाचा तरी वाटतो मला."

"गॅस हाय जी," देवाजी म्हणाला. "घर तर ही दिवसातून दोनदा पुसते. धूळ कुठची?"

"तरी लक्ष ठेवा. केव्हा येतो, कुठं येतो, ते बघत जा. काढ्यांनी घसा निवेल, पण कारण गेल्याशिवाय खोकला जाणार नाही."

देवाजीनं घरी येऊन देवघरातली उदबत्तीसुद्धा बंद केली. रामाला हात जोडून म्हणाला, "महिनाभर फुलाच्या वासावर भागवून घ्या, देवा." खोकला तरी गेला नाही.

आणि रामनवमी जवळ येत होती.

कॉलनीतल्या राममंदिरात दर वर्षी चैत्रातली नवरात्र कीर्तनानं साजरी होते. कीर्तनाला उभ्या राहतात चारुशीलाताई. सचिवालयातून निवृत्त झालेल्या, उंच, पांढऱ्या केसांच्या. आख्यान लावू लागल्या की बाहेरचा भाजीवालासुद्धा गाडी लावून उभा राहतो. त्यांच्या मागं झांज घेऊन धृपद धरते ती कौशल्या. ताईंनी एक ओळ हवेत सोडायची आणि कौशल्येनं ती खाली पडू न देता अलगद झेलायची, असं कितीतरी वर्षं चाललं आहे. पण नवमीच्या दिवशी, भर दुपारी, रामजन्म झाला की ताई दोन पावलं मागं सरतात आणि कौशल्या पुढं येते. पाळणा तिचा. फुलांनी मढवलेल्या पाळण्याची दोरी एका हातात धरून ती गाते तेव्हा देवाजी पहिल्या रांगेत तिच्या पायाशी बसलेला असतो, आणि वर्षभर ज्या गोष्टीविषयी दोघं घरात एक शब्द बोलत नाहीत ती त्या गाण्यात बसून कुठंतरी दूर, शांत ठिकाणी जाऊन पोचते.

यंदा तालमीला देवाजी तिला गाडीवर मागं बसवून मंदिरात नेत होता. उतरेपर्यंत ती खोकून खोकून लाल व्हायची. तिसऱ्या तालमीला चारुशीलाताईंनी टाळ खाली ठेवले.

"कौशल्याबाई, रागावू नका. पाळणा तुमचाच आहे. पण रामजन्म काही आपल्या घशासाठी थांबायचा नाही. मिनलला म्हणून ठेवायला सांगते. तुम्हाला जमलं, तर ती मागं बसेल."

मिनल ही ताईंची सून. गोड गळ्याची पोर. ती संकोचून म्हणाली, "काकू, मी नुसतं पाठ करून ठेवते."

"कर ना वं, कर," कौशल्या हसली. "देवाच्या लेकराले काय, दोन मावश्या असल्या तर बरंच हाय."

परतताना गाडीवर ती देवाजीच्या पाठीला टेकून बसली होती. आरशात त्याला तिचा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तेच त्याला बघवेना.

पुढच्या रविवारी देवाजीची थोरली बहीण प्रेमलताबाई आली. पायरीवरच पिशवी ठेवून तिनं निदान केलं. "हे औषधाचं काम नोहे गा. तुह्या बायकोले नजर लागली. गेल्या साली पाळणा म्हटला तवा सारा मांडव रडला. इतकं चांगलं म्हणत असते काय कोणी? थोडं वाईट म्हणा लागते."

"बाई, तुमचं आपलं काहीतरीच," कौशल्या म्हणाली.

"तू चूप बस. देवाजी, मिरच्या आण."

मिरच्यांना त्या घरात तोटा नव्हता. गेल्या वर्षापर्यंत देवाजी धान्याच्या काट्यावर होता. या संक्रांतीपासून त्याला मिरचीच्या यार्डात घातलं होतं. यार्डात मिरची डोंगरासारखी ओतलेली असे. लांबून पाहिलं तर जमिनीवर संध्याकाळ सांडल्यासारखी लालच लाल. पहिले पंधरा दिवस तोसुद्धा सगळ्यांसारखा खोकला, शिंकला, रडला. मग घसा मुकाट झाला. जुने हमाल हसून म्हणाले, आता तू आमच्यातला झाला.

प्रेमलताबाईनं घमेल्यात गोवरीचे निखारे केले. मीठ, मोहरी आणि मूठभर मिरच्या कौशल्येवरून ओवाळल्या, आल्यागेल्याची, दारच्या-शेजारच्या सगळ्यांची नावं घेतली, आणि निखाऱ्यांवर टाकल्या.

ही दृष्ट काढायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मिरचीचा ठसका लागला नाही तर नजर होती; लागला तर नव्हती.

धूर उठला तशी प्रेमलताबाईच पहिली पळाली. पदर तोंडाला लावून अंगणात जाऊन खोकत राहिली. कौशल्या बाजेवर दुमडून गेली. शेजारच्या घरातूनसुद्धा ठसक्याचा आवाज आला आणि कुणीतरी खिडकी आदळली.

"लागला गा ठसका," अंगणातून खोकता खोकता प्रेमलताबाई ओरडली. "नजर नव्हती वाटते." मग तिनं डोळे पुसून आत पाहिलं. घमेल्याच्या अगदी जवळ, धुराच्या मधोमध, देवाजी शांत उभा होता. त्याला काहीच होत नव्हतं. "अरे, तुले काहून ठसका लागून नाही राहिला? म्हणजे नजर तुलेच लागली काय? बाप्पा, तुह्याकडे कोण पाहून राहिलं?"

पण देवाजी ऐकत नव्हता. म्हणजे ऐकत होता, पण दुसरंच काही. कीर्तनात जसं कधी कधी होतं, की आख्यान ऐकता ऐकता ताईंचे शब्द मागं पडतात आणि त्यामागचा एकच सूर कानात राहतो, तसं त्याचं झालं होतं. तो कौशल्येचा खोकला ऐकत होता. कोरडा. टोचणारा. बाहेर पडायला वाट शोधणारा. रोज संध्याकाळी, बाजेवर तिच्याजवळ बसून, पाठीवर हात फिरवत तो ऐकत आला होता तोच हा.

त्यानं घमेलं उचलून परसात नेलं आणि त्यावर पाणी ओतलं. मग खुंटीवरचा दुपट्टा काढून बहिणीसमोर धरला.

"बाई, याचा वास पाह्य."

प्रेमलताबाईनं नाक जवळ नेलं आणि तीन शिंका देऊन मागं सरली. "हा दुपट्टा हाय का मिरचीचं पोतं?"

देवाजीनं तो स्वतःच्या नाकाला लावला. त्याला फक्त जुन्या सुताचा वास आला.

प्रेमलताबाई गेल्यावर तो ओसरीत आला, पण बाजेवर बसला नाही. दाराच्या चौकटीला टेकून लांबच उभा राहिला. कौशल्या पाण्याचे घोट घेत होती.

"तुले दिवसा खोकला येते काय वं?"

"नाही."

"मी आलो का येते."

ती भांड्याच्या कडेवरून बोट फिरवत बसली.

"तुले समजलं होतं," देवाजी म्हणाला.

"तुमची गाडी कोपऱ्यावर वळली का घसा खवखवे," ती हळू म्हणाली. "पहिले वाटलं, मनाचे खेळ हायेत. मग वाटलं, खरंच असंन."

"मग सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू जी? दिवसभर उन्हात उभं राहून माणूस घरी येते, आपल्या बापाचा दुपट्टा माह्या गळ्याले बांधते. त्याले म्हणू, दूर बसा?"

"पाळणा गेला असता ना तुहा."

"गेला असता," कौशल्या म्हणाली. समोरच्या प्लॉटवरचं ऊन विझत आलं होतं. "मिनलचा गळा गोड हाय."

देवाजी तसाच चौकटीपाशी उभा राहिला, आणि आपल्याच घरात आपण किती जवळ उभं राहावं हे त्याला त्या क्षणी उमगेना.

दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या गल्लीनं घरी येऊ लागला. मुकादमाला त्यानं काटा बदलून मागितला होता. हंगाम संपू दे, मग पाहू, एवढंच उत्तर मिळालं. म्हणून परसातल्या नळापाशी त्यानं आपली व्यवस्था लावली. बाजारातले कपडे तिथंच काढून झाकणाच्या डब्यात ठेवायचे. मिरची पाण्याला दाद देत नाही, हे हमालांनी शिकवलेलं. म्हणून आधी अंगाला तेल चोळायचं, मग साबण, मग पाणी. केस, कान, नखं, सगळं. कौशल्या गरम पाण्याची बादली दाराबाहेर ठेवून दार लावून घेई. दाराच्या आतून ती बोले, बाहेरून तो.

"आज काय आवक होती?"

"लई होती. भिवापुरी मिरची आली. पोतं फोडलं का उजेड पडल्यासारखं होते."

"जेवले होते काय?"

"जेवलो ना. तुहा डबा मुकादमानंच अर्धा खाल्ला."

दुपट्टा तिनं दोनदा धुतला. दोन्ही वेळा तिच्या हातांची आग आग झाली, पाणी तांबूस निघालं, आणि सुतातला ठसका सुतातच राहिला. घट्ट विणीचं कापड ते; एकदा आत घेतलेलं सोडायचं त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी देवाजी तो कळमन्यात घेऊन गेला आणि काट्याजवळच्या खिळ्यावर लावून आला. संध्याकाळी घरी निघताना मान उघडी उघडी वाटे. हात नकळत खांद्याकडे जाई आणि रिकामा परत येई.

तालमीला आता ती पायी जाई.

खोकला एकदम नाही गेला. मधाचं चाटण, कोमट पाणी, ज्येष्ठमधाची काडी चालूच होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घसा सोलवटलेला आहे, त्याला वेळ द्या. आधी खोकल्याच्या मधूनमधून गाणं यायचं. मग गाण्याच्या मधूनमधून खोकला येऊ लागला. आणि गुढीपाडवा उलटल्यावर एका संध्याकाळी परसात डोक्यावर पाणी ओतताना देवाजीनं तांब्या हातातच थांबवला. आत कौशल्या पाळणा म्हणत होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कुठंही न अडखळता. अंगावरचं पाणी वाळून गेलं तरी तो तसाच बसून होता.

नवमीच्या आदल्या दिवशी ताईंचा निरोप आला: पाळणा कौशल्याबाईच म्हणतील.

नवमीला बाजार बंद. देवाजीनं पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला होता. पण पहाटेच आभाळ भरून आलं आणि मुकादमाचा फोन आला. मिरची उघड्यावर पसरलेली, चार थेंब पडले तरी काळी पडणार. मिळेल त्या माणसानं धावून यायचं होतं.

"जा," कौशल्या म्हणाली. "कोणाचं तरी सालभराचं पीक हाय थे."

"मी येतो वं. आंघोळ करून, सदरा घालून, पहिल्या रांगेत."

"पहिल्या रांगेत," ती म्हणाली.

ढिगारे ओढून एकत्र करायचे, त्यांवर ताडपत्र्या टाकायच्या, दोर आवळायचे. वारा सुटलेला, आणि त्या वाऱ्यात लाल धूळ उडून माणसं भुतासारखी दिसत होती. थेंब काही पडले नाहीत. आभाळ आपलं फिरून निघून गेलं. देवाजी सुटला तेव्हा सूर्य पार डोक्यावर येऊ घातला होता. घरी जाऊन तेल, साबण, पाणी करायला वेळ उरला नव्हता. त्यानं गाडी सरळ मंदिराकडे घेतली.

मांडवापासून लांबच तो थांबला. मांडव भरून बाहेरपर्यंत माणसं बसली होती. पहिल्या रांगेत एक जागा मोकळी होती. त्या जागेवर कौशल्येनं आपली पिशवी ठेवलेली त्याला इथून दिसली.

चारुशीलाताईंचं आख्यान भरात आलं होतं. "आणि माय हो," त्या सांगत होत्या, "त्या दुपारी अयोध्येत काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. नगारे नंतर वाजले. आधी वारा थांबला. पाखरं थांबली. जो चराचराचा श्वास, त्यानं पहिला श्वास घेतला, आणि तो ऐकायला सगळं जग आपला श्वास धरून उभं राहिलं."

देवाजीनं स्वतःकडे पाहिलं. कामाचा सदरा लाल. हातांच्या रेषांत लाल. मग त्यानं मान वर करून मंदिराच्या शिखरावरचा झेंडा पाहिला. यार्डात ही सवय सगळ्यांना लागते: पोतं फोडण्याआधी वारा पाहायचा आणि तो जिकडून येतो त्या वरच्या अंगाला उभं राहायचं, म्हणजे धूळ आपल्यावर येत नाही. झेंडा रस्त्याच्या पलीकडे, कडुलिंबाकडे फडफडत होता. देवाजी मांडवाला लांबून वळसा घालून गेला आणि त्या लिंबाखाली, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, जाऊन उभा राहिला. सदरा झटकला नाही. हातसुद्धा जोडले नाहीत, धूळ उडेल म्हणून. नुसते अंगासरशी धरून ठेवले.

घंटा वाजली. गुलाल नको, फुलं उधळा, असं ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. झेंडूच्या पाकळ्या वर गेल्या आणि सावकाश खाली आल्या. ताई दोन पावलं मागं सरल्या. कौशल्या पुढं आली. तिनं दोरी हातात घेतली, पहिल्या रांगेतल्या त्या पिशवीकडे एकदा पाहिलं, आणि डोळे मिटले.

*हळू ये रे श्वासा, जागे होतील पाखरे,*
*अयोध्येचे ऊन माझ्या पदरात झोपले रे…*

आवाज वाऱ्यावर बसून आला. रस्ता ओलांडून, लिंबाच्या कोवळ्या पानांतून, सगळा, अखंड. देवाजीला वाटलं, इतकी वर्षं तिच्या पायाशी बसून हे गाणं आपण ऐकलं ते डोळ्यांनी ऐकलं. दोरी पाहिली, पाळणा पाहिला, तिचे ओठ पाहिले. आज पहिल्यांदा नुसतं गाणं ऐकतो आहे. त्या गाण्यात कुणीतरी होतं. लहानसं, कधी न आलेलं, आणि तरी रोज संध्याकाळी बाजेवर दोघांच्या मधे बसणारं. ते झोपी गेलं होतं.

पाळणा संपला. माणसं उठली, दर्शनाची गर्दी झाली. मग त्या गर्दीतून पळसाच्या पानाचा द्रोण घेऊन कौशल्या बाहेर आली आणि इकडं तिकडं पाहू लागली. लिंबाखाली तो दिसला. ती रस्ता ओलांडून येऊ लागली तसा देवाजीनं हात वर केला.

ती थांबली. त्याच्या लाल सदऱ्याकडे तिनं पाहिलं, मग वर झेंड्याकडे. लिंबापासून चार पावलांवर नालीचा कठडा होता. त्यावर तिनं द्रोण ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यात एक खडा घातला, आणि मागं सरून पुन्हा पलीकडे जाऊन उभी राहिली.

देवाजी पुढं आला. द्रोणात सुंठवडा होता. त्यानं चिमूट कपाळाला लावून तोंडात टाकली. सुंठ घशाशी गेली, आणि साऱ्या हंगामात मुकाट राहिलेला त्याचा घसा एकाएकी जागा झाला. त्याला ठसका लागला. वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो खोकत राहिला.

रस्त्याच्या पलीकडे कौशल्येचा हात आपसूक खांद्याकडे गेला. पदराचं टोक तिनं सोडवून हातात घेतलं, आणि ते तसंच हातात धरून ती उभी राहिली. वारा तिच्याकडून त्याच्याकडे वाहत होता.